वरच्या खोलीतली ओल

२ मे, शुक्रवार

उद्या येतायत. मुलगा, सूनबाई आणि नात. मी काही वाट वगैरे बघत नाहीये. गाद्या उन्हात टाकल्या, त्या टाकायच्याच होत्या. वरची खोली झाडली, कारण धूळ होती. छोटीसाठी प्लॅस्टिकची बादली आणि फावडं आणलं, ते दुकानदार गळ्यातच पडला म्हणून. फावडी तीन आणली. एखादं हरवतं.

एरवी सुट्टीत चार दिवस येतात आणि पळतात. यंदा मुलगा फोनवर म्हणाला, महिनाभर राहू. महिनाभर! माझे कान टवकारले. सगळी नोकरी बंदरावर कस्टम्समध्ये गेली आहे. प्रवासी नेहमीपेक्षा वेगळं वागला की बॅग उघडायची, हा आमचा पहिला धडा.

निश्चय : तोंड बंद, डोळे उघडे. रोज पहाटे समुद्रावर चालणे. छोटीला पोहायला शिकवणे. 

३ मे, शनिवार

आले. सामान बघून डोळे फिरले. उन्हाळ्यात समुद्रावर येणारा माणूस स्वेटर आणतो? सूनबाईच्या बॅगेतून बाही लोंबत होती. शिवाय छोटीची शाळेची पुस्तकं. सुट्टीत!

हात शिवशिवले. सगळ्या बॅगांवर खडूने फुली मारली. सूनबाईने विचारलं, हे काय. म्हणालो, तपासणी बाकी असलेल्या सामानावर अशी खूण करतात. तिने मुलाकडे बघितलं. मुलाने छताकडे. नोंद घेतली.

दोघंही फार हसतायत. चहा छान, हसू. पंखा गार, हसू. जो प्रवासी जास्त हसायचा त्याच्या बुटात हमखास काहीतरी निघायचं.

छोटीने आल्याआल्या मिठी मारली. सोडेचना. तिच्यावर संशय नाही. तूर्तास.

४ मे

चालायला गेलो नाही. आत संशयित असताना घर सोडून जाणं बरोबर नाही.

मुलगा वरच्या खोलीचे फोटो काढताना सापडला. खिडकी, भिंत, प्लगपॉइंटसुद्धा. विचारलं तर म्हणाला, घर छान दिसतंय बाबा. याच घरात लहानाचा मोठा झाला, भिंतींवर रेघोट्या ओढून मार खाल्ला, आणि घर छान दिसतं हे आता कळलं?

मग म्हणाला, इंटरनेट कसं आहे इथे? म्हटलं, मला काय करायचंय इंटरनेट. मग म्हणाला, तुम्हाला जिन्याचा त्रास होतो का हल्ली? मी म्हटलं, छे, दिवसातून दहादा चढतो. (आठवड्यातून एकदा. पण त्याला कशाला सांगा.) म्हणाला, बरं झालं, म्हणजे कोण वर आणि कोण खाली ते ठरवता येईल. आणि जीभ चावली.

माझ्या वयाच्या माणसाला वर जाण्याबद्दल विचारतात होय!

६ मे

राहवलं नाही. कॅप्टनकडे गेलो. कॅप्टन म्हणजे जन्मभर धक्क्यावर फेरीबोटीची तिकिटं फाडली, पण पांढरी टोपी कधी उतरवली नाही म्हणून सगळे कॅप्टन म्हणतात. डोकं मात्र तल्लख.

सगळं ऐकून घेतलं. मग टोपी काढून मांडीवर ठेवली. इतकं गंभीर झालेलं मी त्याला पाहिलं नव्हतं. म्हणाला, घर विकायला काढलंय. त्याच्या मावसभावाच्या साडूचं अगदी असंच झालं. आधी फोटो. मग टेप घेऊन मोजमाप. मग फाइल घेतलेला एजंट. मग एक दिवस जेवताना मुलगा म्हणतो, बाबा, तिथे तुमच्या वयाची खूप माणसं आहेत, कॅरम आहे, डॉक्टर चोवीस तास.

माझ्या हातातला चहा गार झाला. कॅरम!

मला या घरातून कुठेही जायचं नाही. आमची ही इथे होती. तिची खुर्ची अजून खिडकीशी आहे. मी इथूनच जाणार, आणि तेही माझ्या सवडीने. बस्स. लिहून ठेवतोय.

कॅप्टन म्हणाला, घाबरू नकोस, टेप येईपर्यंत काही सिद्ध होत नाही.

७ मे

टेप आली.

वरच्या खोलीत एक टोक मुलाच्या हातात, दुसरं टोक छोटीच्या. माझीच नात! मुलगा म्हणाला, कपाट बसेल का बघतोय. कुणाचं कपाट? म्हणाला, असंच हो. सगळी नोकरी मी हे असंच हो ऐकलंय. असंच हो म्हणणाऱ्या एका बाईच्या छत्रीत घड्याळं सापडली होती. खेळण्यातली निघाली, तो भाग वेगळा.

संध्याकाळी छोटीला समुद्रावर नेलं. कारण : पोहण्याचा पहिला धडा. खरं कारण : चौकशी. घोट्याइतक्या पाण्यात उभा राहून हात कसे मारायचे ते दाखवलं. लाट आली. चष्मा गेला. छोटीने शोधून दिला आणि म्हणाली, आजोबा, तुम्हाला येतं का पोहता? विषय बदलला.

आइस्क्रीम खाऊ घालून विचारलं, आईबाबांचं काय चाललंय. म्हणाली, सरप्राइज आहे, सांगितलं तर बाबा ओरडेल. दुसरं आइस्क्रीम. तोंडाला कुलूप. उलट मलाच विचारते, आजोबा, तुम्हाला एकटं राहायला आवडतं का? म्हटलं, खूप! मजा असते. कुणाची कटकट नाही. ती कोन चाटायचासुद्धा विसरली. मग म्हणाली, पण आई म्हणते की आता आजोबांनी एकटं राहायचं नाही.

झालं. कबुलीजबाब. लहान मूल खोटं बोलत नाही.

छोटी आल्यापासून एकदाही खोकली नाही. तिकडे शहरात धुरामुळे सारखा दम लागतो, रोज तो तोंडात मारायचा पंप लागतो. इथे पंप बॅगेतच पडून आहे. केसशी संबंध नाही, उगीच लिहिलं.

९ मे

सूनबाईने विचारलं, बाबा, इथे जवळपास चांगला डॉक्टर आहे का? म्हटलं, मला काय धाड भरलीय? ती म्हणाली, तुमच्यासाठी नाही. माझ्यासाठी नाही म्हणे! दोन पायांवर चालणारी इतर सगळी माणसं या घरात तरुण आहेत.

दुपारी व्याह्यांचा फोन. सूनबाईचे वडील डोंगरात बंगला बांधून राहतात, गुलाब लावतात, माउथ ऑर्गन वाजवतात आणि फार गोड बोलतात. गोड बोलणाऱ्याची बॅग मी दोनदा उघडायचो. मी कपडे वाळत घालत होतो. (एकच टॉवेल होता, तो पुन्हा पुन्हा वाळत घातला.) सूनबाई म्हणत होती, नाही हो पप्पा, आमची इच्छा इकडेच आहे, अगदीच नाही जमलं तर तिकडे आहेच.

इकडे म्हणजे इथल्याच कुठल्यातरी वृद्धाश्रमात. तिकडे म्हणजे डोंगरातल्या. माझी वाटणी चाललीय आणि मला पत्ता नाही! सूत्रधार व्याही. पहिल्यापासून वाटत होतं मला. लग्नातसुद्धा माझ्यापेक्षा जास्त फोटोंत होते.

कॅप्टनबरोबर तातडीची बैठक. प्रश्न : खरेदीदार कशाला घाबरतो? कॅप्टनने क्षणात सांगितलं, भुताला आणि ओलीला. भूत आणणं अवघड. ओल ठरली.

१० मे

ती तिघं बाजारात गेली. छोटीच्या बादलीने समुद्राचं पाणी आणलं. साधं पाणी सुकतं, खारं पाणी रंग उचकटतं, हे कॅप्टनचं ज्ञान. गुलाबांवर मारायचा फवारणी पंप माझ्याकडे होताच. (गुलाब आमच्याकडेही होते. मेले.) वरच्या खोलीची मागची भिंत मनसोक्त न्हाऊ घातली. माझं घर बदनाम करताना जिवाला बरं वाटत नव्हतं, पण घर वाचवायचं तर घराला थोडं सोसावं लागणार.

बादल्या वर नेताना जिन्याचा त्रास झाला. हे बाहेर फुटता कामा नये.

सूनबाई परत आल्यावर म्हणाली, बाबा, तुम्ही इतके घामाघूम का? म्हणालो, व्यायाम. ती म्हणाली, जपा हो जरा. आणि लिंबूपाणी करून दिलं. वास घेऊन प्यायलो. चांगलं झालं होतं.

११ मे

परत फवारलं. कामात नेटकेपणा हवा.

१२ मे

भिंतीवर जगाचा नकाशा उमटलाय. रंगाला फोड आले. एक मोठा पापुद्रा पलंगावर पडला.

मुलाने बघितलं. चेहरा साफ पडला. मला आतून गुदगुल्या. त्याने विचारलं, ही ओल कधीपासून? म्हणालो, घर बांधल्यापासून. मग तोंड उघडलंच होतं म्हणून सांगितलं, पावसाळ्यात बुरशीसुद्धा धरते. काळी. बोटभर. तो म्हणाला, मला कसं कधी दिसलं नाही? म्हटलं, तुझ्या आईने कपाटामागे लपवली होती. (माफ कर ग. तुझ्याच घरासाठी चाललंय.)

सूनबाईने भिंतीला हात लावला, हाताचा वास घेतला आणि छोटीला उचलून खाली घेऊन गेली. जेवताना कुणी हसलं नाही. पहिल्यांदाच. कट हादरलाय.

१४ मे, बुधवार

एजंट आली! कॅप्टनचं भाकीत तंतोतंत. बाई, चष्मा, हातात फाइल, आणि नजर सारखी छोटीकडे. मुलगा आणि सूनबाई आत चहा करायला गेली तेवढ्यात मी अंगणात तिला गाठलं. ती काहीतरी सांगायला लागली होती, पण मी बोलू दिलं तर ना. समोरच्याला बोलू दिलं की तो गोष्ट रचतो.

म्हणालो, बाई, स्पष्ट सांगतो. ओल आहे. वाळवी आहे. समुद्र दरवर्षी जवळ येतोय. शेजारी चोर आहेत. (शेजारी बिचारे रोज माझं दूध घेऊन ठेवतात.) हवा तर इतकी दमट की इथली पोरं बारा महिने खोकतात. तिने डायरीत काहीतरी लिहिलं. मला जोर चढला. म्हटलं, आणि शाळा? नावच काढू नका! नवीन मुख्याध्यापिका आलीय म्हणे, दिवसभर खुर्चीत झोपा काढते. पोरांना पाढे येत नाहीत.

बाई लाल झाली. म्हणाली, असं कोण म्हणतं? म्हटलं, सगळं गाव म्हणतं. चहा न घेता गेली. फाटकसुद्धा लावलं नाही.

मुलगा ट्रे घेऊन बाहेर आला आणि म्हणाला, मॅडम कुठे गेल्या? म्हणालो, घाई होती.

बऱ्याच दिवसांनी आज समुद्रावर चालून आलो. अर्ध्यापर्यंत. छाती फुलून आली होती.

१६ मे, शुक्रवार

काय लिहू.

सकाळी मुलाने सांगितलं, बाबा, आम्ही उद्याच निघतोय. विजय! पण मला ते पुरेना. खुर्ची ओढून मध्यभागी बसलो आणि म्हटलं, बसा सगळे. खटला चालवायचाच होता. एकेक पुरावा मांडला. फोटो. जिना. टेप. डॉक्टर. व्याही. फाइलवाली बाई. आवाज चढवून म्हणालो, हे घर विकून मला कॅरम खेळायला पाठवायचा डाव होता ना? बोला!

छोटीच बोलली. म्हणाली, आजोबा, आपण कॅरम खेळू या ना, पण आम्ही तर इथे राहायला येणार होतो.

मी म्हटलं, कोण?

मग सूनबाईने सांगितलं. शहरात छोटीचा दम वाढत चाललाय. डॉक्टर म्हणाले, हवा बदला, कायमची. मुलाला आता घरूनच काम करता येतं, म्हणून इंटरनेट. वरच्या खोलीत छोटी झोपणार होती, तिचं कपाट तिथे बसतंय का बघत होते. डॉक्टर छोटीसाठी. बाई म्हणजे इथल्या शाळेच्या मुख्याध्यापिका, छोटीला भेटायला मुद्दाम घरी आल्या होत्या. महिनाभर राहून बघू आणि सगळं जमलं तर बाबांना सरप्राइज देऊ, असं ठरलं होतं. सूनबाई म्हणाली, तुम्ही एकटे असता, माझ्या जिवाला घोर लागतो हो.

मी मध्यभागी ओढलेली खुर्ची परत भिंतीशी नेऊन बसलो. कान गरम झाले होते.

मग मुलगा म्हणाला, पण ओल आणि बुरशी म्हणजे छोटीच्या छातीला विषच. तुम्ही खरं सांगितलंत ते फार बरं झालं. आता हिच्या पप्पांकडे जाऊ, डोंगरातली हवा कोरडी आहे.

मी ताडकन उठलो. म्हटलं, ओल नाहीये! मीच पाणी मारलंय! सगळ्यांना वर नेलं, फवारणी पंप दाखवला. मुलगा म्हणाला, बाबा, गुलाबांचा पंप आहे हा. म्हटलं, समुद्राचं पाणी होतं, खारं! आणि पुरावा म्हणून भिंत चाटली. मग म्हटलं, तूही चाटून बघ. तो म्हणाला, समुद्राकाठच्या भिंती खाऱ्याच असतात, उतरा खाली.

सूनबाईच्या डोळ्यांत पाणी. म्हणाली, आम्ही राहावं म्हणून किती धडपड करताय हो. पण आता कशाला लपवताय? लहान मुलीच्या जिवाचा प्रश्न आहे.

मी धावत जाऊन कॅप्टनला आणलं. साक्षीदार. त्याला म्हटलं, सांग यांना खरं काय ते. कॅप्टनने टोपी सरळ केली, माझ्याकडे बघून एक डोळा मिचकावला आणि शपथेवर सांगितल्यासारखं म्हणाला, ओल फार जुनी आहे, मी स्वतः पाहत आलोय. वहिनींनाही फार त्रास व्हायचा तिचा. मी त्याच्या हाताला चिमटा काढला. त्याला वाटलं, शाबासकी देतोय. म्हणाला, वाळवीसुद्धा आहे.

शाळेत जाऊन आलो. मुख्याध्यापिका भेटल्या नाहीत. शिपाई म्हणाला, मॅडम झोपल्यात असं सांगायला सांगितलंय.

१७ मे

गेले.

बॅगा मीच गाडीत ठेवल्या. स्वेटर दाबून नीट आत सारला. छोटीने विचारलं, आजोबा, तुम्ही रडताय? म्हणालो, खारा वारा. ती म्हणाली, वारा तर नाहीये. चौकस पोरगी. कस्टम्समध्ये नाव काढील.

निश्चय : कॅप्टनशी जन्मात बोलायचं नाही.

१९ मे

कॅप्टनशी बोललो. दुसरं आहे कोण. अजूनही विचारतो, एजंट परत फिरकली का? मी सांगितलं, नाही. म्हणाला, बघ, जिंकलास.

२४ मे

भिंत खडखडीत सुकली. पापुद्रे खरवडून काढले. आत दगडासारखी मजबूत. फोटो काढून मुलाला पाठवला. उत्तर आलं, वा बाबा, प्लॅस्टर नवीन करून घेतलंत का, छान, पण आतली ओल जात नसते.

मिस्त्रीला बोलावून लेखी मागितलं की ओल नाही. त्याने भिंतीवर टिचक्या मारल्या आणि म्हणाला, साहेब, ओल नसलेल्या भिंतीसाठी आजवर मला कुणी बोलावलं नाही. तुम्हालाच काहीतरी शंका असणार.

३० मे, शुक्रवार

व्याह्यांचा फोन. उचलणार नव्हतो. उचलला. छोटीची खबर मिळेल म्हणून.

छोटी मजेत आहे. तिकडच्या शाळेत नाव घातलं. पंप अजून लागतो, पण कमी. मुलगा वरच्या मजल्यावर बसून काम करतो. घर कसं भरलंय म्हणाले. मी म्हटलं, वा वा. दुसरं काय म्हणणार.

मग त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. म्हणाले, खरं सांगू का, मी तुम्हाला मनातून फार मानतो. मी तुमच्या जागी असतो ना, तर ती ओल लपवली असती. कपाट सरकवलं असतं, रंग मारला असता, वाटेल ते खोटं बोललो असतो, पण नातीला माझ्याजवळ ठेवून घेतलं असतं. माझ्यात एवढा मोठेपणा नाही. तुम्ही एकटे राहायचं पत्करलंत, पण खरं सांगितलंत.

मी म्हणालो, नोकरीची सवय हो.

ते म्हणाले, धन्य आहे तुमची. पलीकडे छोटी कशाला तरी खदखदून हसत होती. मला वाटलं, व्याही फोन तिच्याकडे देतील. त्यांनी ठेवला.

मला ती इथे हवी होती. हे मी कुणालाच सांगितलं नाही. तेवढं एक सांगायचं राहिलं.